एमॉस लार्टरची सही

नॉर्विचमध्ये मॅग्डलेन स्ट्रीटच्या मागच्या एका अरुंद बोळात विणकरांची वस्ती होती. घरोघरी माग, आणि मागाशेजारी टांगलेल्या पिंजऱ्यात एखादा पिवळा कनेरी. सकाळी माग खडखडायला लागले की पक्ष्यांनाही चेव यायचा. याच बोळात १७३२ साली एमॉस लार्टरचा जन्म झाला. बाप विणकर, आजा विणकर. त्यामुळे कापड एमॉसला बोटांनी कळायचं. नुसता हात फिरवून तो ताणा कशाचा आणि बाणा कशाचा हे सांगायचा. पुढे कोळशानं भिंतीवर चित्रं काढायला लागला, तेव्हाही त्यानं माणसं काढली नाहीत की घोडे काढले नाहीत. खुंटीला अडकवलेला आईचा एप्रन काढला, चुण्यांसकट. कापडाच्या एका व्यापाऱ्याच्या ते डोळ्यांत भरलं, आणि एकविसाव्या वर्षी त्याची चिठ्ठी घेऊन एमॉस लंडनला गेला.

तिथे ज्या नामांकित चित्रकाराकडे तो कामाला लागला, त्याच्या दारात बड्या लोकांची रीघ असायची. मालक फक्त चेहरा रंगवायचे. गळ्याखालचं सगळं एमॉसचं. एखाद्या उमरावाची बायको तासभर बसून निघून जायची. मग तिचा झगा पेटीतून यायचा, लाकडी पुतळ्याला घातला जायचा, आणि एमॉस त्याच्यासमोर चार-चार दिवस बसायचा. साटिनवरून खिडकीचा उजेड कसा घरंगळतो, मखमल तोच उजेड कशी पिऊन टाकते, लेसच्या भोकांतून कातडी किती दिसते, यात त्याचा हात धरणारा अख्ख्या लंडनमध्ये कोणी नव्हता. अकरा वर्षं त्यानं हेच केलं. त्या बायका रस्त्यात शेजारून गेल्या असत्या तर त्यानं त्यांना ओळखलं नसतं. झगे ओळखले असते.

लंडनमध्येच त्यानं सुझॅना नावाच्या एका शिंपिणीशी लग्न केलं. मुलगी झाली. ती चार वर्षांची असताना सुझॅना तापानं गेली आणि एमॉसचं मन त्या शहरावरून उडालं. रंगांची पेटी आणि लेक घेऊन तो गावी परतला. लेकीचं नाव केझाया.

बोळातल्या घरात त्याची थोरली बहीण फीबी एकटीच राहत होती. तिनं लग्न केलेलं नव्हतं. सूत गुंडाळून पोट भरायची, आणि जीभ अशी चालायची की मागावरचा धोटाही मागे पडावा. तिनं भावाला दारातच विचारलं, "आता राहणार आहेस, की पुन्हा पळणार आहेस?" आणि उत्तराची वाट न बघता पोरीला उचलून आत नेलं.

एमॉसनं दारावर पाटी लावली. त्याच्या नावापुढे 'लंडनचे चित्रकार' असं लिहिलं होतं, आणि 'लंडनचे' या एका शब्दावर सुरुवातीला बरेच लोक आले. चित्र तयार झालं की आधी सगळे खूश व्हायचे, कारण नजर झग्यावर जायची. झगा असा, की हात लावून बघावासा वाटावा. मग नजर वर सरकायची आणि तिथेच अडायची. चेहरा कुणाचाही असू शकला असता. गोल, गुळगुळीत, गालांवर थोडा तांबडा हिंगूळ, आणि डोळे जोडीला जोडी.

एकदा फीबी चित्रासमोर कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "एमॉस, ही वकीलसाहेबांची बायको आहे, की पातेल्यातून काढलेला उंडा?"

नॉर्विचच्या आसपास, सगळ्या नॉर्फक परगण्यात, उकडलेला पिठाचा उंडा ज्या घरात शिजत नाही असं घर नाही, त्यामुळे ही थट्टा बोळातून मोठ्या रस्त्याला लागायला वेळ लागला नाही. 'लार्टरचे उंडे' असं लोक म्हणायला लागले. गिऱ्हाईक आटलं. एमॉस खाणावळींच्या पाट्या रंगवायला लागला, घोडागाड्यांच्या दारांवर चिन्हं काढायला लागला. आपल्याला चेहरा येत नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याबद्दल तो कधी बोलला नाही.

केझाया या सगळ्यात वाढली. सफेदा घोटणं, जवसाचं तेल गाळणं, कुंचले धुणं हे ती खेळता खेळता शिकली. दिसायला साधी, अंगानं किडकिडीत. एक सवय मात्र होती. कोणी बोलायला लागलं की ती त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायची. फीबीआत्या ओरडायची, "डोळे पडतील गं त्या बाईच्या अंगावर!" केझाया मान वळवायची आणि थोड्या वेळानं पुन्हा बघायला लागायची.

ती तेरा वर्षांची असताना मिंगेबाई चित्रासाठी आल्या. मिंगेबाई म्हणजे सत्तरीला आलेली विधवा. नवऱ्यामागे बिअरची भट्टी स्वतः चालवणारी, दात गेलेली, पण आवाज खणखणीत. तीन बैठका झाल्या, केझाया बाजूला सूत गुंडाळत त्यांच्या गुडघ्याची गाऱ्हाणी ऐकत बसायची. काळा रेशमी पोशाख अप्रतिम उतरला. चेहरा काही केल्या जमेना. एमॉसनं तो दोनदा खरवडून काढला. तिसऱ्यांदा उंडाच उमटला, तेव्हा तो कुंचले तसेच टाकून घराबाहेर पडला आणि दुपारभर नदीकाठी फिरत राहिला.

परत आला तेव्हा मिंगेबाई कॅनव्हासवर बसलेल्या होत्या. डावी पापणी जराशी पडलेली, खालचा ओठ हिरडीवर आत ओढून घेतलेला, आणि आता कुणाला तरी फैलावर घेणार अशी नजर. केझाया खिडकीशी उभी होती, हाताला रंग लागलेला. तिला वाटलं, बाबा मारणार. एमॉसचा हात उठलाही. मग त्यानं तोच हात खाली घेऊन चित्राच्या जवळ नेला, ओल्या रंगाला न लावता, आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

"कोणी शिकवलं?"

"कोणी नाही. तुम्ही बाईंच्या बाहीकडे बघत होता. मी बाईंकडे बघत होते."

दुसऱ्या दिवशी मिंगेबाई आल्या. चित्रासमोर उभ्या राहिल्या आणि नाक जवळजवळ रंगाला टेकवून बघत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "मेलं, ही तर माझी आई. मी कधी अशी झाले?" आणि मग एमॉसकडे वळून त्यांनी त्याचे दोन्ही हात धरले. असा हात देवानं थोड्यांनाच दिलाय म्हणाल्या.

 फीबी दारात उभी होती आणि भावाकडे बघत होती. केझाया खाली मान घालून कुंचला पुसत होती. एक वाक्य बोलायचं होतं. एमॉसनं नुसती मान लववली, आणि संध्याकाळी चित्राच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत सही केली: ए. लार्टर.

त्यानंतर दहा वर्षं हेच चाललं. माणूस येऊन खुर्चीत बसायचा. एमॉस समोर उभा राहून मोजमाप घेतल्यासारखं करायचा, कोळसा फिरवायचा. केझाया बाजूला स्टुलावर सूत गुंडाळत बसायची आणि बोलत राहायची. कुणाला पावाचे भाव विचारायची, कुणाला नातवंडांबद्दल, कुणाला पायाच्या दुखण्याबद्दल. माणसं तिच्याशी सहज बोलायची, कारण तिला कोणी मोजतच नव्हतं. आणि बोलता बोलता चेहऱ्यावरचं आवरलेलं सगळं सैल व्हायचं. माणूस गेला की ती उठून कुंचला घ्यायची. लार्टरच्या चित्रातलं माणूस आत्ता बोलेल, असं आता गावात म्हणायला लागले. उंड्यांची थट्टा लोक विसरले. लंडनमध्ये शिकलेला माणूस, जरा उशिरा हात बसला, एवढंच.

एकमेकांच्या कामाची त्या दोघांना खरी किंमत होती. त्याची बाही रंगवून झाली की केझाया ती डोळे बारीक करून बघायची आणि म्हणायची, "बाबा, ही फाडून माझा झगा शिवा." एमॉस हसायचा. तिनं काढलेल्या चेहऱ्याबद्दल मात्र तो कधी बोलायचा नाही. बोलायची वेळ आली की तो कुंचले धुवायला उठायचा, आणि का उठतो हे त्याला स्वतःलाच बघायचं नव्हतं.

एकदाच तिनं विचारलं होतं. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. सहीच्या बाजूला एक 'के' घातला तर चालेल का, अगदी लहान, कुणाला दिसणारही नाही असा.

"पोरीच्या हातून तोंड रंगवून घ्यायला कोण येईल, केझी?" एमॉस म्हणाला. "जरा नाव पक्कं होऊ दे. पुढे बघू."

ती बरं म्हणाली. फीबीआत्या चुलीशी होती. रात्रीच्या जेवणाला तिनं भावाच्या पानात मासा वाढला आणि आपणहून एक शब्द बोलली नाही. आठवडाभर तिचं हेच चाललं. फीबीच्या तोंडचे टोमणे एमॉसनं जन्मभर ऐकले होते. तिचं गप्प राहणं त्याला सोसवलं नाही, पण सही बदलली नाही.

केझाया तेविसाव्या वर्षात असताना गिल्बर्ट रिक्स घरी यायला लागला. कॅथेड्रलच्या बाजूला त्याचं पुस्तकं बांधण्याचं दुकान होतं. थोराड, लाजाळू, बोटांना कायम सरसाचा वास. आईचं लहानसं चित्र करून घ्यायला आला, आणि आईचं चित्र संपलं तरी येत राहिला. त्याला केझाया हवी होती आणि केझायालाही तो हवा होता. हे कळायला चित्रकार असण्याची गरज नव्हती. सप्टेंबरात त्यानं रीतसर एमॉसला विचारलं.

नेमकं त्याच महिन्यात एमॉसच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम आलं होतं. कोलगेट नावाच्या रस्त्यावरचे मागमालक जोसाया क्रोफूट यांना आपल्या दिवाणखान्यासाठी अख्ख्या कुटुंबाचं चित्र हवं होतं. नवरा, बायको आणि आठ मुलं. दहा चेहरे. एमॉस गिल्बर्टला म्हणाला, क्रोफूटांचं काम मार्चपर्यंत संपेल. घरात घाई-गडबड नको. मार्चमध्ये लग्न करू. गिल्बर्टनं केझायाकडे पाहिलं. ती म्हणाली, "बाबा म्हणतात तसं." मार्चनंतर आपलं काय होणार, या विचारानं एमॉसला त्या दिवशी जेवण गेलं नाही. पण मार्च लांब होता.

कॅनव्हास एवढा मोठा होता की काम क्रोफूटांच्या घरीच करावं लागलं. मालक दिवसभर कारखान्यात, बाई आपल्या व्यापात, त्यामुळे मोठ्या खोलीत बापलेकीला मोकळीक होती. हिवाळा तोंडावर आला तोवर मिस्टर आणि मिसेस क्रोफूट झाले, पाच मुलं झाली. तीन राहिली. शेवटची हॅरिएट, चार वर्षांची, तांबूस केसांची, एका जागी क्षणभर न टिकणारी. तिला बसवण्यासाठी केझाया तिच्या पाटीवर कुत्रे काढून द्यायची. हॅरिएट म्हणायची, अजून एक. मग अजून एक.

जानेवारीत गावात घटसर्पाची साथ आली. क्रोफूटांकडे आधी हॅरिएटचा गळा धरला. मुलांना सांभाळणारी बाई भीतीनं आपल्या खेड्यात निघून गेली. इतर मुलांना मिसेस क्रोफूट घाईघाईनं मावशीकडे घेऊन गेल्या. हॅरिएट कुणाच्या हातून औषध घेईना, दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देईना, तिला कुत्रे काढणारी केझाया हवी होती. केझाया गेली. एमॉस म्हणाला, जाऊ नकोस. फीबीही म्हणाली. केझाया म्हणाली, चार वर्षांची पोर आहे आत्या, आणि शाल घेऊन निघाली. पाच दिवस ती त्या पोरीला मांडीवर घेऊन बसली. सहाव्या दिवशी हॅरिएटनं दूध मागितलं.

त्याच दिवशी केझाया घरी आली ती गळ्याला हात लावून.

नऊ दिवस काढले तिनं. गिल्बर्ट दुकान बंद करून येऊन बसायचा, फीबी त्याला बिछान्यापासून लांब राहायला सांगायची आणि तो ऐकायचा नाही. शेवटी शेवटी केझायाला बोलता येईना. घरात हिशेबाची एक पाटी होती, ती फीबीनं तिच्या हातात दिली. एमॉस उशाशी गुडघे टेकून बसला. त्याला वाटलं, आता ती काहीतरी लिहील. रागाचं लिहील किंवा मायेचं, आणि जे लिहील ते आपल्याला जन्मभर पुरेल. केझायानं सावकाश लिहिलं. अक्षर नीट होतं.

'हॅरिएटला भुवया जवळजवळ नाहीतच. उगाच काढू नका.'

पाटी वाचून एमॉसनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. चोविसावं वर्ष चालू होतं.

एप्रिलमध्ये एमॉस क्रोफूटांकडे उरलेलं काम करायला गेला. उरलेलं म्हणजे तीन चेहरे. मोठ्या दोघांवर त्यानं दोन आठवडे घातले. पुन्हा पुन्हा खरवडलं. मग हॅरिएट समोर बसली. आजारपणातून उठलेली, आता शांत, आणि कुत्रे काढणारी ती कधी येणार म्हणून विचारणारी. तिच्या भुवया त्यानं काढल्या नाहीत. तेवढं एक बरोबर आलं. बाकी चेहरा उंड्यासारखाच झाला.

मिस्टर आणि मिसेस क्रोफूट बघायला आले.  सात चेहरे भिंतीवरून त्यांच्याकडे बघत होते आणि तीन नव्हते. मिसेस क्रोफूट हळूच म्हणाल्या, "हिच्या भुवया राहिल्या का?"

"तिला भुवया नाहीत, बाईसाहेब," एमॉस म्हणाला. "माझ्या मुलीनं सांगितलं होतं." आणि मग ते वाक्य त्याच्या तोंडून निघालं. दहा वर्षं घशात अडकलेलं वाक्य इतक्या साध्या आवाजात निघेल असं त्याला वाटलं नव्हतं. "ते सात चेहरे तिनं काढलेत. आजवरचे सगळे चेहरे तिनंच काढलेत. मी फक्त कपडे रंगवतो."

जोसाया क्रोफूट वाईट माणूस नव्हता. आपल्या पोरीपायी दुसऱ्याची पोर गेली याचं त्याला मनापासून वाईट वाटत होतं. त्यानं एमॉसला खुर्चीत बसवलं, स्वतःच्या हातानं वाइनचा पेला भरून दिला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"लार्टर, माझा एक मुलगा गेला होता. तेव्हा मलाही असंच व्हायचं. जे दिसेल ते त्याचंच वाटायचं."

"साहेब, हे वाटणं नाही. खरं आहे."

"बरं. पण बाहेर असं बोलू नका. लोक भलताच अर्थ काढतात. हात पुन्हा बसेल तुमचा, घाई नाही."

"बसणार नाही," एमॉस म्हणाला. "तो कधी बसलेलाच नव्हता."

क्रोफूटनं बायकोकडे पाहिलं. बाईंनी डोळे पुसले. एवढंच झालं. एमॉसनं पेला तसाच ठेवला आणि रंगांची पेटी उचलून तो घरी आला. पुढे इप्सविचहून दुसरा चित्रकार बोलावून क्रोफूटांनी ते चित्र पुरं करून घेतलं, असं कानावर आलं.

मग एमॉसला एकच ध्यास लागला. ज्या ज्या घरात त्याच्या सहीचं चित्र होतं, त्यातल्या एकेका घराचं दार तो ठोठावायला लागला. एकच मागणं होतं. कुंचला आणि थोडा काळा रंग घेऊन आलोय, चित्राच्या कोपऱ्यात माझ्या मुलीचं नाव लिहू द्या. डॉक्टरसाहेबांनी त्याची नाडी बघितली आणि झोप लागते का विचारलं. एका पाद्र्यानं त्याच्यासोबत प्रार्थना केली. एका कापड व्यापाऱ्यानं तोंडावर दार लावलं, कारण माझ्या बापाचं चित्र एका पोरीनं काढलंय हे आता सगळ्यांना सांगायचं का, असं तो म्हणाला. बहुतेकांनी मात्र त्याला मायेनं वागवलं, चहा दिला आणि नाही म्हटलं. मुलीच्या दुःखानं म्हातारा खुळावला, असं बोळात बोललं जायला लागलं. खरं बोलायला उशीर झाला की ते खरं वाटत नाही, हे एमॉसला बावन्नाव्या वर्षी कळलं. ज्यांच्यासमोर तो दहा वर्षं मान लववून उभा राहिला होता, तीच माणसं आता त्याची कीव करत होती.

उन्हाळ्यात गिल्बर्ट रिक्स घरी आला. त्यानं आपल्या आईचं चित्र कापडात गुंडाळून आणलं होतं.

"माझ्याकडे तुम्ही आलाच नाहीत," तो म्हणाला. "म्हणून मीच आलो. लिहा."

एमॉस त्याच्याकडे बघत राहिला. "तुला खरं वाटतं?"

"तिनंच सांगितलं होतं मला. मी लग्नाचं विचारण्याआधी. म्हणाली, हे कळल्यावर हवं असेल तर विचार."

"मग मार्चपर्यंत थांबलास का? भांडला का नाहीस माझ्याशी?"

गिल्बर्टनं टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "ती नको म्हणाली. आणि तशी घाईही नव्हती, मिस्टर लार्टर. लग्नानंतरही सकाळची ती इकडेच येणार होती. आमचं ठरलं होतं तसं. बाबांचे चेहरे कोण काढणार, म्हणायची."

एमॉस खाली बसला. सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत रोज सकाळी तिच्यासोबत कोलगेटपर्यंत चालत जाताना तो मनातल्या मनात मार्च मागे ढकलत होता. तू गेल्यावर मी काय करू, एवढं त्या वाटेवर एकदा जरी विचारलं असतं, तरी तिनं सांगितलं असतं. त्यानं विचारलंच नव्हतं. सुताच्या गुंड्या लावता लावता फीबीनं हे सगळं ऐकलं. ती उठली, भावाच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली आणि गिल्बर्टला म्हणाली, "बस रे. खाऊन जा."

गिल्बर्टच्या आईच्या चित्रावर एमॉसनं त्या दिवशी नाव लिहिलं नाही. चित्र खिडकीपाशी टेकवून ठेवलं. आठवड्यानं लिहिलं.

सगळ्यात शेवटी तो मिंगेबाईंकडे गेला. ऐंशीच्या झाल्या होत्या, भट्टी पुतण्याकडे सोपवली होती, दिवसभर खिडकीत बसून खालच्या पिंपवाल्यांवर ओरडायच्या. एमॉसनं सगळं सांगितलं. त्या सगळं ऐकून घेतल्यावर म्हणाल्या, "ती सूत गुंडाळणारी पोर? मी तिला माझ्या गुडघ्याबद्दल सांगत होते."

"हो, बाई."

"मग तिनंच काढलं असणार. तू तर एकदाही माझ्या तोंडाकडे धड बघितलं नव्हतंस." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "मी तुझे हात धरले होते, एमॉस. आठवतं? ती तिथेच होती ना?"

"तिथेच होती."

"लिही, बाबा. लिही तिचं नाव."

एमॉसनं भिंतीवरून चित्र उतरवलं, खिशातून लहान सुरी काढली आणि आपली सही खरवडायला लागला. मिंगेबाईंनी काठीनं त्याचा हात अडवला.

"हे काय चाललंय? पोशाख कोणी रंगवला?"

"मी."

"मग तुझंही राहू दे. एकदा खोटं झालं, आता दुसऱ्या बाजूनं कशाला?"

त्यानं सुरी मिटली. सहीच्या खाली जागा थोडी होती. तिथे त्यानं पूर्ण नाव लिहिलं, केझाया लार्टर, आणि वर्ष घातलं. मिंगेबाईंनी ते वाचून दाखवायला सांगितलं, कारण त्यांना आता दिसत नव्हतं. वाचताना एमॉस पहिल्यांदा रडला. मुलगी गेल्यापासून तो रडला नव्हता.

चित्रकारीची पाटी त्यानं त्याच वर्षी उतरवली. एका मागमालकाकडे नव्या कापडाचे नमुने काढायचं काम धरलं. पट्टे, फुलं, वेलबुट्टी. कागदावर काढलेला नमुना विणकर मागावर चढवायचे. कापड बापजाद्यांपासून ओळखीचं होतं, आणि तिथे कुणाचं तोंड काढावं लागत नव्हतं. बारा वर्षं त्यानं ते काम केलं. रविवारी चॅपेलमधून येताना तो आणि फीबी केझायाच्या थडग्यापाशी थांबायचे. गिल्बर्टनं पुढे एका विधवेशी लग्न केलं. थोरल्या मुलीचं नाव काय ठेवायचं हे त्याच्या बायकोनंच सुचवलं, आणि नाताळात ती छोटी केझाया एमॉसच्या घरी केक घेऊन यायची.

१७९६ च्या वसंतात एके दिवशी दुपारी दारात एक मुलगी उभी राहिली. सोळा वर्षांची, तांबूस केसांची, चांगल्या घरातली. तिच्या चेहऱ्यावर भुवया जवळजवळ नव्हत्याच. एमॉस उठून उभा राहिला.

तिनं आपलं नाव सांगितलं. मग चाचरत म्हणाली, की तिला लहानपणचं एक अर्धवट आठवतं. कोणीतरी मांडीवर घेऊन बसलंय आणि पाटीवर कुत्रे काढतंय. घरात विचारलं की विषय बदलतात. आता एका जुन्या मोलकरणीनं या घराचा पत्ता दिला. ती बाई कोण होती?

एमॉसनं तिला बसवलं आणि सगळं सांगितलं. खिडकीत बसणाऱ्या मिंगेबाई सांगितल्या, सूत सांगितलं, सही सांगितली, आणि तुमच्या दिवाणखान्यातले सात चेहरे कुणाचे आहेत तेही सांगितलं. सत्तरीची फीबी कोपऱ्यात कनेरीला दाणे घालत होती, ती मधून मधून एखादी तारीख दुरुस्त करायची. मुलीनं एकदाही शंका काढली नाही. शेवटी तिनं विचारलं, "माझ्यापासूनच लागला ना तिला आजार?"

एमॉसनं खुर्ची तिच्याजवळ ओढली. एमॉसला इतक्या वर्षांत एवढं अवघड कुणी काही विचारलं नव्हतं.

"त्या वर्षी गावभर साथ होती, मुली," तो म्हणाला. "पण ती तुझ्याजवळ होती, हे खरं. आम्ही नको म्हणत होतो. ती स्वतःहून आली होती. तू दूध मागितलंस ते घरी येऊन तिनं आम्हाला सांगितलं. घसा दुखत होता, तरी सांगितलं. हसत होती."

हॅरिएट रडली. फीबीनं तिला पाणी दिलं आणि तिच्या केसांवरून हात फिरवला. मुलगी उठली तेव्हा बाहेर तिची गाडी थांबलेली होती. घरी जाऊन तिनं काय सांगितलं, कुणी ऐकलं की नाही, ते एमॉसला कधी कळलं नाही. दोन वर्षांनी तो गेला. फीबी आणि गिल्बर्टनं त्याला केझायाच्या शेजारी पुरलं.